पायपुसण्याची सुलट बाजू

११ जानेवारी

हेडली,

पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असं धरून चालू नकोस. अजून कुणी गेलेलं नाही. फोन तू घेत नाहीस, आणि तिकडे पश्चिमेला तुमच्या तेलखाणीच्या कॅम्पवरचा तो घोगऱ्या आवाजाचा माणूस दर वेळी 'हेडली शिफ्टवर आहे' असं सांगतो. इतकं काम तू बाबांच्या होडीवर केलं असतंस तर बाबांनी तुझी गावभर मिरवणूक काढली असती. म्हणून शेवटी कागद घेतला.

आईला रक्ताचा कॅन्सर झाला आहे. नाताळच्या आधी भांडी घासताना तिच्या नाकातून रक्त यायला लागलं आणि काही केल्या थांबेना. आपल्या केटल कोव्हच्या दवाखान्यातल्या नर्सने तिचा चेहरा बघितला आणि सरळ सेंट जॉन्सला पाठवलं. आता ती मोठ्या इस्पितळात काचेच्या दाराच्या खोलीत आहे. आत जायचं तर हात धुवायचे, तोंडाला फडकं बांधायचं आणि वर पिवळा झगा चढवायचा. बाहेरचं काही आत न्यायचं नाही. फूल नाही, फळ नाही. मी काकवीचा पाव भाजून नेला होता, तो नर्सने दारातच काढून घेतला. मग तो मीच जिन्यात बसून खाल्ला.

मी इस्पितळाजवळच्या धर्मशाळेसारख्या एका घरात राहते. मासळीचा कारखाना बंद झाल्यापासून मला कुठे जायची घाई नाही, हे तुला माहीत आहे.

आई बोलत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते. जेवणाचं ताट जसं येतं तसं परत जातं. दार वाजलं की मान वळवते, मी आहे असं दिसलं की पुन्हा भिंतीकडे. ती कुणाची वाट बघते ते मला कुणी सांगायला नको.

बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस. त्यावर आई फोनवर काय बोलली ते मीही शेजारी उभी राहून ऐकलं होतं. 'बापाच्या मयताला आला नाहीस, आता माझ्याही येऊ नकोस.' बाईमाणूस नवरा पुरून आल्यावर काहीही बोलेल. तू ते इतकी वर्षं उराशी धरून बसला आहेस.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. कळवायला हवं म्हणून कळवलं.

युनिस

२६ जानेवारी

हेडली,

तुझं उत्तर नाही. मीही अपेक्षा धरली नव्हती. पण इथे एक गंमत झाली आणि ती सांगायला मला दुसरं कुणी नाही.

इथे एक मुलगी येते, मॅरिएल नावाची. क्यूबेककडची आहे, बोलताना शब्द जरा नाकातून येतात. ती एक हातगाडी ढकलत खोल्याखोल्यांतून फिरते. गाडीवर रंग, कागद, माती, लोकरीचे गुंडे, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. पेशंटांनी काहीतरी करावं, चितारावं, विणावं, म्हणून इस्पितळाने तिला ठेवलं आहे. मी ते बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. माणसं मरायला टेकली आहेत आणि यांना रंगपेट्या सुचतात. तिला मी दारातच अडवलं आणि म्हणाले, "आमच्या आईला शाळेत घालायचं वय गेलं."

ती म्हणाली, "त्यांनीच नाही म्हटलं तर जाते."

आई नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. मॅरिएलने तिच्या पुढ्यात रंगाची पेटी ठेवली. आईने कुंचला पाण्यात बुडवला, कागदावर एक ओला पट्टा ओढला आणि त्याच्याकडे बघत बसली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा सबंध वाक्य बोलली.

"पाण्यात रंग कालवायचा आणि चांगला कागद भिजवायचा. हे काय काम झालं?"

"मग तुमच्याकडे जानेवारीत काय काम असतं?" मॅरिएलने विचारलं.

आई तिच्याकडे अशी बघायला लागली, जणू त्या पोरीने 'तुमच्याकडे बर्फ पडतं का' असं विचारलं होतं. "पायपुसणी," ती म्हणाली. "दुसरं काय असणार? गोणपाट आहे का तुझ्याकडे?"

गोणपाट नव्हतं. पण हेडली, आई उठून बसली होती. तिने उशी स्वतःच पाठीमागे ओढून घेतली.

तुला आठवतं ना आपल्या स्वयंपाकघराच्या दारातलं, बाबांच्या लोकरी विजारींचं केलेलं? त्यावर बोटभर जाडीचा लाल गुलाब होता, आणि तो आपण दोघांनी किती वेळा बघितला असेल? आठवडाभर पायपुसणं उलटंच. पाद्री येताना दिसले, नाहीतर पलीकडच्या खाडीतलं कुणी आलं की आई हातातलं टाकून धावायची आणि ते सुलटं करायची. पाहुणे गेले की पुन्हा उलटं. मी एकदा तिला विचारलं होतं, आपल्याला गुलाबावर पाय ठेवायला कधी मिळणार. "तुम्ही काय, घरचीच," ती म्हणाली होती.

युनिस

१५ फेब्रुवारी

हेडली,

पायपुसणं सुरू झालं. पण त्यासाठी केवढा उपद्व्याप करावा लागला ते ऐक.

गोणपाटात धूळ असते म्हणून डॉक्टरांनी ते नाही म्हटलं. मॅरिएलने धुतलेलं जाळीचं सुती कापड आणलं. आईने ते उजेडात धरलं आणि म्हणाली, "गाळणं आहे का हे?" मी घरून कापडातून चिंध्या वर ओढायचा बाबांचा आकडा आणला होता, खिळा वाकवून लाकडी मुठीत बसवलेला. तो उकळता येत नाही म्हणून परत. मॅरिएलने पोलादाचा दिला. आई म्हणाली, "हा दात कोरायला बरा." आणि मुख्य गोष्ट म्हणजे जुने कपडे. घरातल्या माणसांच्या अंगावरचे जुने कपडे नसतील तर पायपुसणं कशाचं करायचं? पण कुणाच्याही अंगावरचा कपडा आत आणायला मनाई. तेव्हा मॅरिएलने इस्पितळाच्या धोबीखान्यातून फाटक्या चादरी, डॉक्टरांचे विरलेले हिरवे डगले, आम्ही घालतो ते पिवळे झगे असं सगळं उकळून, पिशवीत बंद करून आणलं. आईने ते चाचपून बघितलं. "कुणाकुणाच्या अंगावरचं असेल," ती म्हणाली, आणि तिने ते मांडीवर घेतलं.

चिंध्या कापायचं काम पुरुषांचं, हे तर ठरलेलंच. शेजारच्या खोलीत गस पाईक म्हणून एक म्हातारा आहे, बोनाव्हिस्टाकडचा. त्याला कळल्यावर त्याने मॅरिएलमार्फत निरोप पाठवला की कातरी द्या, माझे हात रिकामेच आहेत. तो त्याच्या खोलीत कापतो आणि मॅरिएल पिशवी आईला आणून देते. दोघांनी एकमेकांना फक्त काचेतून बघितलं आहे. "पट्ट्या जाड कापतोय," आई तक्रार करते. "त्याला सांग, दोरखंड नकोत मला." मग पुढची पिशवी बारीक येते.

आणि आई जेवते. पोटभर नाही, पण टिनच्या दुधाचा चहा मागते, त्यात बिस्किट बुडवते. "ती गाडीवाली कधी येणार?" असं सकाळीच विचारते. डॉक्टर माझ्याशी बोलताना म्हणाले की रक्तात काही फार फरक नाही, पण त्यांनी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं. मी मॅरिएलला त्या दिवशी दारात काय बोलले होते ते आठवून मान खाली घातली. तिने ते मनात ठेवलेलं दिसत नाही.

पण आई मला ते पायपुसणं बघू देत नाही. मी आत आले की कापड ताणून बसवलेली चौकट उलटी करून मांडीवर ठेवते. "पाहुणे येईपर्यंत कुणी बघायचं नाही." मी म्हटलं, "कुठले पाहुणे?" तर तिने चहा मागितला.

मला मात्र कळलं आहे. केटल कोव्हच्या बाईला पायपुसणं मागून दाखवलं तरी पुढचं सांगता येतं. वर निळं आहे, ते पाणी. कडेला हिरवं, ती आपली टेकडी. आणि मधोमध पिवळं. आपल्या खाडीत पिवळं एकच होतं, बाबांची होडी. दर मे महिन्यात तू आणि बाबा ती रंगवायचात, आणि आई तुमच्या विजारींवरचे डाग बघून बोंब मारायची.

ती तुझी होडी काढते आहे हेडली. तू येशील तेव्हा सुलटं करणार आहे. मला याचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. रोज झगा चढवून मी जाते आणि होडी तुझी. पण वाईट वाटून घ्यायला मला पुढे वेळ आहे, तुला यायला नाही.

युनिस

३ मार्च

हेडली,

तुझी चिठ्ठी मिळाली. एवढ्या मोठ्या कागदावर एवढंच: 'तिनेच येऊ नको म्हटलंय.' तिकीट तरी कशाला खर्ची घातलंस!

मी ती चिठ्ठी आईला वाचून दाखवली. हो, दाखवली. तिने आकडा थांबवला नाही. म्हणाली, "मी मयताला येऊ नको म्हणाले होते. मी मेले का?"

"नाही."

"मग? भेटायला येऊ नको असं कधी म्हणाले?"

मी म्हटलं, "असं त्याला लिहू?"

"लिही. त्याला ऐकायचं असतं तेवढंच ऐकतो, बापावर गेलाय."

तर हे लिहिलं. तिचेच शब्द आहेत, माझ्या पदरचं काही नाही.

गस पाईक गेला. गुरुवारी त्याच्या खोलीचा पडदा ओढलेला दिसला आणि मला कळलं. मॅरिएल गाडी न आणता नुसतीच आली, हातात एक पिशवी घेऊन. त्याने आदल्या दिवशी कापलेल्या पट्ट्या होत्या त्यात. अगदी बारीक, एकसारख्या. आईने त्या हातात घेतल्या आणि एकेक बोटांवरून ओढून बघितली. मग म्हणाली, "शिकला होता की." त्या पट्ट्या तिने इतर चिंध्यांत मिसळल्या नाहीत. त्यांची तिने चारी बाजूंनी किनार केली.

मॅरिएल खाली मोठ्या व्हरांड्यात पेशंटांच्या कामांचं प्रदर्शन भरवते आहे. तिने भीतभीत विचारलं, हे भिंतीवर लावू का, खाली तुमचं नाव लिहून.

"भिंतीवर पाय कोण पुसतं?" आई म्हणाली.

मॅरिएल हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. मी तिला बाहेर नेऊन चहा पाजला. मी म्हटलं, पोरी, तू इथे रोज येतेस, रोज कुणीतरी अर्ध्यात सोडून जातं, तुला कसं जमतं? ती म्हणाली, अर्धं राहिलेलं मी त्यांच्या घरच्यांना देते, ते कुणी टाकून देत नाही. एवढंच म्हणाली. मग चहा संपवून वर गेली.

आईचे हात आता सुजतात. बोटांवर जांभळे डाग आले आहेत. नर्स म्हणाली थोडी विश्रांती घ्या, तर आई म्हणाली, "विश्रांती मला पुष्कळ मिळणार आहे."

तू येतोस की नाही तेवढं कळव.

युनिस

२२ मार्च

हेडली,

औषध बंद केलं. डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवून सांगितलं, आणि त्यांनी खुर्ची पुढे केली तेव्हाच मला समजलं. तिला काचेच्या खोलीतून साध्या खोलीत हलवलं आहे. आता झगा नको, तोंडाला फडकं नको. घरची रजई चालते, फुलं चालतात, काकवीचा पावही चालतो. सगळं चालतं याचा अर्थ काय तो तू समज.

तिला पाव भरवला. एक घास खाल्ला आणि म्हणाली, "काकवी जास्त झाली." म्हणजे अजून आहे ती.

बाबांचा आकडाही आता चालतो. तो हातात दिल्यावर तिने मूठ नाकाशी धरली. लाकडाला अजून डांबराचा वास येतो.

मी तुझ्या कॅम्पवर तीनदा फोन केला. घोगऱ्याने 'निरोप दिला' म्हणून सांगितलं. तुला निरोप मिळतो आहे हे मला माहीत आहे. तू फोनपासून लांब उभा राहून हात खिशात घालून ऐकत असशील हेही माहीत आहे, लहानपणापासून बघते आहे मी तुला. चूक झाली की तू गोठ्याच्या मागे जाऊन उभा. कुणी शोधायला येईल म्हणून नाही, कुणी येऊ नये म्हणून. बाबा गेले तेव्हाही तू असाच उभा राहिलास ना? यायचं होतं, आणि आधी इतके दिवस न आल्याची लाज वाटली, असंच ना?

ये रे. रागाने नाही म्हणत. आई दार वाजलं की अजून मान वळवते.

युनिस

१४ एप्रिल

हेडली,

फुलं मिळाली. कार्डावर नुसतं नाव होतं, ते बरं केलंस. मयताला आला नाहीस. त्याबद्दल मी काही बोलणार नाही, तिने तसं सांगितलंच होतं, आणि या बाबतीत तरी तू तिचं ऐकलंस.

आता तुला जे सांगायचं ते सांगते. मला ते लिहायला जड जातंय म्हणून सात दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले होते.

ती जायच्या आधीच्या आठवड्यात तिने मला घरी पिटाळलं. म्हणाली, नळ गोठून फुटले का बघून ये, शेजारच्या आयव्हीकडची किल्ली आण, माझा निळा झगा आण. मी म्हटलं, तुला या अवस्थेत सोडून नळ बघायला जाऊ? तर म्हणाली, "जा म्हटलं ना." अशी म्हणाली की मी चाळीस वर्षांची घोडी निमूट गेले. मला वाटलं, तू येणार असल्याचा फोन तिला आला आणि आपल्या दोघांत भांडण नको म्हणून मला बाजूला काढते आहे. पूर्ण रस्ताभर बसमध्ये मी हेच घोकत होते. आणि हेडली, मला राग आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. सेंट जॉन्सला चिखल झालेलं बर्फ होतं, बूट लडबडलेले. खोलीचं दार ढकललं. मॅरिएल कोपऱ्यात उभी होती. आई उशांना टेकून बसली होती, केस विंचरलेले. आणि दारात जमिनीवर पायपुसणं होतं. सुलटं.

"पाय पूस," आई म्हणाली. "पाहुणे आलेत."

मी मागे वळून बघितलं. खरंच बघितलं. मला वाटलं तू माझ्या मागून जिना चढून आलास. व्हरांडा रिकामा होता.

"कोण आलंय?" मी विचारलं.

"मागे काय बघतेस? तू आलीस."

मग मी खाली बघितलं. होडी नव्हती रे. मी तुला चुकीचं लिहिलं होतं. मागून बघून आपल्याला सगळं कळतं असं मला वाटत होतं. निळं होतं ते पाणी नव्हतं, पहाटेचं आभाळ होतं. हिरवी आपलीच टेकडी, तिच्यावरून खाली कारखान्याकडे जाणारी वाट, आणि वाटेवर एक बाई पाठमोरी चालली होती. डोक्याला रुमाल, हातात डबा, आणि अंगात पिवळा मेणकापडी एप्रन, मासे कापताना घालतात तो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं तसं सगळं. वीस वर्षं मी त्या वाटेने गेले.

"रोज बघायचे मी," आई म्हणाली. "तू एकदा वळून नाही बघितलंस."

मला रडू आलं आणि रागही आला, कुठलं आधी ते सांगता येणार नाही. इतकी वर्षं एका घरात, एका टेबलावर जेवलो आणि ती हे एकदाही बोलली नाही. बोलायला तिला इस्पितळाच्या चिंध्या लागल्या. मी तिथेच उभी राहिले. पायपुसण्यावर पाय कसा ठेवायचा तेच कळेना.

"पाय पुसायला केलंय ते," ती म्हणाली. "दारात थंडी येते आहे."

मग मी पाय पुसले. पाठमोऱ्या माझ्यावरच चिखल पुसला आणि आत जाऊन तिच्या पलंगावर बसले. मॅरिएल हळूच बाहेर गेली.

मी विचारलं, "आणि हेडली? मला वाटलं त्याच्यासाठी करते आहेस."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढी मोठी झाले तरी मला साधी रीत कळत नाही. "त्याच्यासाठी कशाला? तो घरचा आहे," ती म्हणाली. "घरच्यांना कोण सुलटं घालतं? तो आला की उलटं कर. नाहीतर बुजेल, दारातच उभा राहील."

त्यानंतर ती तुझ्याबद्दल वेगळं काही बोलली नाही. मी तुला बरं वाटावं म्हणून आणखी चार वाक्यं तिच्या तोंडी घालू शकले असते, पण तेवढीच होती. जाताना शांत होती. आकडा तिच्या हातातच राहिला होता, तो मी नंतर काढला.

मॅरिएलने ते पायपुसणं कागदात गुंडाळून मला दिलं. आता ते केटल कोव्हला आपल्या दारात आहे. सध्या सुलटंच ठेवलं आहे. सकाळी लाकडं आणायला जाते, परत येते, पाय पुसते. घरात दुसरं कुणी नाही, तेव्हा पाहुणी मीच. गसच्या किनारीचा अजून एकसुद्धा धागा सुटलेला नाही.

खाडीतलं बर्फ फुटायला लागलं आहे. बाबांची होडी शेडमध्ये आहे, रंग उडालाय तिचा. तू निघालास की आयव्हीकडे फोन कर, ती मला हाक मारेल. मी दारातलं उलटं करून ठेवीन.

युनिस